धर्मग्रामाचं वृद्धांसाठी घर: खाटा ठरवण्याआधी रात्रीची माणसं मोजा

प्रश्न असा आहे: धर्मग्रामाला (एका चर्चच्या हद्दीतल्या कॅथलिक समाजाला) एक रिकामी इमारत मिळाली आहे, देणगीदार पुढे आले आहेत, दोन सिस्टर (संन्यस्त धर्मभगिनी) तिथे येऊन राहायला तयार आहेत आणि वीस खाटांचं वृद्धांसाठी घर सुरू करायचं मनात आहे. सुरुवात कुठून करावी, शुश्रूषा आणि धार्मिक काळजी एकत्र कशी बसवावी, आणि अशी घरं कुठे फसतात?

आधी थोडक्यात सांगतो. वीस खाटांनी सुरू करू नका. पहिलं वर्ष घरभेटींना द्या. मग सहा ते आठ जणांना घ्या आणि त्यांत पूर्णपणे अंथरुणाला खिळलेले दोनहून जास्त नसू द्या. या कामात इमारत ही सगळ्यांत सोपी बाब. फरशीला, रंगाला, दारावरच्या पाटीला देणगीदार मिळतो. पहाटे तीन वाजता ओली चादर बदलणाऱ्याच्या पगाराला सहसा मिळत नाही. घरं बंद पडतात किंवा नुसती नावाला उरतात ती बहुतेक इथेच.

हिशेब कागदावर मांडून बघा. आठवड्याचे तास १६८. एका माणसाने आठवड्याला ४८ तास काम केलं तर एक जागा दिवसरात्र भरलेली ठेवायला साडेतीन माणसं लागतात. रजा, आजारपण, सणवार, कोणी सोडून गेलं तर नवीन येईपर्यंतचा काळ, हे धरलं की साडेचार. आता रात्र घ्या. रात्री एकटं माणूस ठेवणं धोक्याचं, कारण पडलेल्या माणसाला एकट्याने उचलता येत नाही आणि तो तिथे अडकला की बाकी घराकडे बघायला कोणी नाही. आठ जणांच्या घरात एक जण जागा आणि दुसरा झोपलेला पण हाकेच्या अंतरावर, हे चालून जातं. वीस जणांत दोघंही जागे हवेत. बारा तासांची रात्र, दोन माणसं, सात रात्री: पुन्हा १६८ तास, म्हणजे नुसत्या रात्रीसाठी साडेचार माणसं.

खाटेला खिळलेल्या एका व्यक्तीचा दिवसही असाच मोजून पाहा. हाताने भरवायला प्रत्येक जेवणाला तीस ते चाळीस मिनिटं, तीन वेळचे मिळून पावणेदोन तास. दर दोन तासांनी कूस बदलायची तर चोवीस तासांत बारा वेळा, दोन माणसं, प्रत्येकी पाच मिनिटं: दोन तास. अंग पुसणं, कपडे, तोंड, केस मिळून पाऊण तास. लंगोट किंवा चादर बदलणं सहा वेळा, एकूण तासभर. झाले साडेपाच तास. यात औषधं, धुणं आणि नुसतं शेजारी बसणं अजून आलेलंच नाही. असे तीन जण घेतले की दोन पूर्ण माणसांचा दिवस त्यांच्यातच संपतो.

इथे हमखास एक चूक होते: दोन सिस्टर घरातच राहतात म्हणून त्यांना चोवीस तासांचे कर्मचारी धरलं जातं. सिस्टरांना सकाळ-संध्याकाळची प्रार्थना आहे, मिस्सा (चर्चची मुख्य उपासना) आहे, संघजीवन (धर्मभगिनींचं एकत्र जगणं) आहे, झोप आहे. त्यांच्या जागेपणावर घर चालवलं तर दीड-दोन वर्षांत एक आजारी पडते आणि दुसरीची बदली मागावी लागते. त्यांचे तासही इतरांसारखेच वेळापत्रकात लिहा आणि आठवड्यातला एक दिवस पूर्ण मोकळा ठेवा.

या कामाचा इतिहासही हेच सांगतो. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात साँ-सेर्व्हाँ इथे १८३९ च्या हिवाळ्यात झान झुगां या मोलमजुरी केलेल्या बाईने एका अंध, अर्धांगवायू झालेल्या म्हातारीला घरी आणलं आणि आपली खाट तिला दिली. मग दुसरी आली. सोबतीला आणखी हात मिळाले तेव्हा १८४१ मध्ये डझनभर वृद्धांपुरती मोठी जागा घेतली गेली. ज्या म्हाताऱ्या आधी स्वतः भीक मागत, त्यांच्याऐवजी झान टोपली घेऊन दारोदार जाऊ लागली. त्या म्हाताऱ्याही जमेल तसं सूत कातत. यातून ‘लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर’ हा संघ उभा राहिला. झानला मात्र लवकरच प्रमुखपदावरून बाजूला सारलं गेलं. १८७९ मध्ये ती वारली तेव्हा संघात सुमारे चोवीसशे सिस्टर होत्या आणि त्यांतल्या अनेक तरुण सिस्टरांना तीच संस्थापिका आहे हे माहीतही नव्हतं. २००९ मध्ये ती संत म्हणून घोषित झाली. स्पेनमध्ये तेरेसा होर्नेत यांनी १८७३ मध्ये निराधार वृद्धांसाठी असाच संघ सुरू केला. त्यांना १९७४ मध्ये संतपद मिळालं. झानच्या कामातला क्रम बघा: आधी माणूस, मग हात, मग जागा. तुमच्याकडे आधी जागा आली आहे, म्हणून क्रम उलटा होण्याचा धोका आहे.

घरभेटींचं वर्ष वाया जात नाही. संत व्हिन्सेंट दी पॉल संस्था १८३३ मध्ये पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम आणि सोबत्यांनी सुरू केली. त्यांची पद्धत आजही सगळ्यांत सुरक्षित आहे: भेटीला दोघांनी जायचं, ठरलेल्या वारी जायचं, बसून ऐकायचं. दोघं यासाठी की वृद्धही सुरक्षित राहतो आणि भेट देणाराही. ठरलेला वार यासाठी की म्हातारी माणसं त्या दिवसाची वाट बघतात, आणि भेट चुकली तर त्याचा त्रास भेट सुरूच न केल्यापेक्षा जास्त होतो. ख्यालीखुशाली विचारता विचारता काही गोष्टी डोळ्यांनी टिपायच्या. स्वयंपाकघरात आज काही शिजलं आहे का? गोळ्यांच्या पाकिटात तारखेप्रमाणे गोळ्या संपल्या आहेत का? पायाची नखं कापलेली आहेत का? अंथरुणाला लघवीचा वास येतो का? कपडे सैल झाले आहेत का? बाहेर पडल्यावर त्याच दिवशी वहीत चार ओळी लिहा.

भेटींतून मिळणारी सगळ्यांत उपयोगी माहिती म्हणजे घराची गरज खरोखर कोणाला आहे. पुष्कळ ठिकाणी म्हाताऱ्या माणसाला घर असतं, सांभाळणारी सून किंवा मुलगीही असते, पण ती थकून कोसळायला आलेली असते. तिथे आठवड्यातून दोनदा तीन-तीन तास कोणी येऊन बसलं, तेवढ्यात तिला झोप मिळाली, तर तो वृद्ध आपल्याच घरी राहू शकतो. बायबलमधलं संत पौलाचं तीमथ्याला लिहिलेलं पहिलं पत्र, पाचवा अध्याय, याबाबत स्पष्ट आहे: मुलानातवंडांनी आधी आपल्या घरच्यांबद्दलचं कर्तव्य शिकावं, म्हणजे ज्यांना खरंच कोणी नाही त्यांना मंडळीला मदत करता येईल. कुटुंबाला त्याच्या कामातून मोकळं करणं ही घराची भूमिका होऊ देऊ नका. ‘आईला तुमच्याकडे ठेवतो, मोठी देणगी देतो’ म्हणणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणता आलं पाहिजे. नाहीतर तीन वर्षांत घर सधनांचं होतं आणि गरिबासाठी खाट रिकामी होतच नाही.

प्रवेशाच्या वेळी काय करायचं, ते सांगतो. वृद्धाशी एकट्याने बोला, मुलं खोलीबाहेर. यायचं आहे का, हे त्याच्या तोंडून ऐका. मुलाची सही म्हणजे बापाची संमती नव्हे. महिना-दोन महिने परस्पर पारखण्याचे ठेवा आणि तोवर त्याची जुनी खोली मोडू देऊ नका. आल्या दिवशी वजन, रक्तदाब, सगळ्या औषधांची यादी, आणि डोक्यापासून टाचेपर्यंत त्वचेची तपासणी करून लिहून ठेवा. ही तपासणी संकोचापोटी टाळली जाते आणि बाहेरून आलेली जखम आठवड्याने सापडते, तोवर ती खोल गेलेली असते. चष्मा, कवळी, श्रवणयंत्र यांवर नाव घाला; कवळ्या एकत्र धुतल्या की कोणाची कोणती, हे शोधत बसावं लागतं. रात्री काही झालं तर कोणाला कळवायचं, त्यांची दोन नावं घ्या. धर्म, पंथ प्रवेशासाठी विचारात घेऊ नका. तो विचारायचा फक्त त्याच्या धार्मिक गरजा भागवता याव्यात म्हणून. आणि राहणाऱ्याकडून मालमत्ता किंवा मृत्युपत्रात वाटा कधीही स्वीकारणार नाही, असा लेखी नियम पहिल्या दिवसापासून ठेवा. हेतू शुद्ध असला तरी पुढे नातेवाईक उभे राहतात, आणि त्यांचा संशय अगदीच गैरलागू नसतो.

आता शुश्रूषा. चांगल्या आणि वाईट घरातला फरक पाठीच्या तळाशी आणि टाचांवर दिसतो. माकडहाड, टाचा, खुब्याची हाडं, खांद्याची पाती, कोपर, डोक्याची मागची बाजू, इथे हाड आणि गादी यांच्यामध्ये त्वचा दाबली जाते आणि रक्त पोचत नाही. लाल झालेल्या जागी बोट दाबून उचला. लाली क्षणभर फिकी पडली तर ठीक, तशीच राहिली तर जखमेची सुरुवात झाली. काळसर त्वचेवर लाली दिसत नाही, तिथे जागा गरम, कडक किंवा दुखरी लागते का ते बघा. अशा जागेवर मालीश करू नका. प्रेमाने चोळल्याने आतल्या पेशी आणखी फाटतात. मध्ये भोक असलेली रबरी चकतीही नको, ती कडेचा रक्तपुरवठा तोडते.

कूस बदलताना पूर्ण आडवं न वळवता पाठीमागे उशी देऊन तीस अंशांपर्यंत कलतं ठेवा, म्हणजे भार खुब्याच्या हाडावर येत नाही. पोटऱ्यांखाली उशी घालून टाचा अधांतरी ठेवा. वर सरकवायचं तर बगलेत हात घालून ओढू नका. खाली आडवी दुमडलेली चादर ठेवा आणि दोघांनी ती उचलून सरकवा. ओढल्याने त्वचा घासते आणि सांभाळणाऱ्याची कंबरही जाते. डोक्याकडची बाजू जेवणाची वेळ सोडून तीस अंशांहून जास्त उंच ठेवू नका, माणूस खाली घसरत राहतो. दोन तास हा आकडा सुरुवातीचा. चांगली दाब कमी करणारी गादी असेल तर चार तास चालू शकतात, कोणाला दीड तासानेच वळवावं लागतं. त्वचा बघून ठरवा. खुर्चीत बसलेल्यालाही हा नियम लागू आहे, हे विसरलं जातं. दुपारभर खुर्चीत बसवून ठेवलेल्या माणसाला खाटेवरच्यापेक्षा लवकर जखम होते, कारण सगळा भार थोड्या जागेवर येतो. दर पंधरा ते तीस मिनिटांनी थोडं कलवा किंवा उठवा. वळवल्याची नोंद खाटेशी लावलेल्या तक्त्यावर, वेळेसह आणि वळवलेल्या कुशीसह करा. सकाळी एकदम सगळ्या रात्रीच्या नोंदी एकाच शाईने भरलेल्या दिसल्या, तर काय झालं आहे ते तुम्हाला कळेलच.

जेवण भरवणं हे कौशल्याचं काम आहे, आणि नेमकं तेच उत्साही स्वयंसेवकांकडे सोपवलं जातं. माणूस शक्य तितका ताठ बसलेला हवा, हनुवटी किंचित खाली. भरवणाऱ्याने उभं राहू नये, समोर त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर बसावं. उभं राहून भरवलं की तो मान वर करतो आणि घास श्वासनलिकेच्या वाटेला लागतो. चहाचा चमचा वापरा, अर्धा भरलेला. कंठमणी वर जाऊन खाली आला, गिळलं, तोंड रिकामं झालं, मगच पुढचा. जेवणानंतर निदान अर्धा तास बसवूनच ठेवा. खोकला, घोगरा ओलसर आवाज, डोळ्यांत पाणी, गालात साठवलेला घास, एकाच जेवणाला पाऊण तासाहून जास्त वेळ, ही धोक्याची चिन्हं. काही जणांना मात्र घास चुकीच्या वाटेने गेला तरी खोकलाच येत नाही, फक्त वारंवार ताप येतो आणि छाती भरते. पातळ पाणी सगळ्यांत अवघड. घट्ट केलेले पदार्थ काहींना सोपे जातात, पण ते गिळणं तपासून मगच सुरू करावेत, कारण घट्ट पाणी नकोसं वाटून माणसं पिणंच कमी करतात.

तोंडाची स्वच्छता ही फुप्फुसांची काळजी आहे. दिवसातून दोनदा दात, हिरड्या, जीभ घासायची, कवळी रात्री काढून पाण्यात ठेवायची. घाणेरड्या तोंडातली लाळ झोपेत फुप्फुसांत झिरपते आणि न्यूमोनिया होतो. तहान म्हातारपणी मंदावते, तेव्हा ‘मागितलं नाही’ हे कारण नव्हे. हृदय किंवा मूत्रपिंडासाठी डॉक्टरांनी मर्यादा घातली नसेल तर दिवसाला दीड लिटरच्या आसपास द्रव पोटात जावं, थोडं थोडं, हातात देऊन. महिन्यातून एकदा त्याच काट्यावर वजन करा. महिन्यात पाच टक्के किंवा सहा महिन्यांत दहा टक्के घट झाली तर डॉक्टरांना दाखवायचं. ‘वय झालं’ म्हणून सोडायचं नाही.

पडणं पुष्कळदा स्वच्छतागृहाच्या वाटेवर होतं, रात्री किंवा पहाटे. खाटेची उंची अशी की कडेवर बसल्यावर तळवे जमिनीला टेकतील. वाटेत मंद दिवा, पायांत मागून बंद असलेली पादत्राणं, झोपण्याआधी आणि रात्री ठरावीक वेळी स्वतःहून नेणं. रक्तदाब आधी आडवं असताना, मग उभं राहिल्यावर एका आणि तीन मिनिटांनी मोजा. वरचा आकडा वीसने किंवा खालचा दहाने उतरला तर औषधांचा फेरविचार हवा. खाटेचे कठडे वर केले की सुरक्षित, असं वाटतं, पण गोंधळलेला माणूस त्यावरून चढतो आणि आणखी उंचावरून पडतो. झोपेच्या गोळीने रात्रपाळीला शांतता मिळते, म्हाताऱ्याला मोडलेला खुबा. आणि कालपर्यंत ठीक असलेला माणूस आज अचानक बरळू लागला, किंवा नुसता सुस्त पडला, तर त्याला स्मृतिभ्रंश म्हणू नका. लघवीचा किंवा छातीचा संसर्ग, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठ, पाण्याची कमतरता, नवीन औषध, हे त्याच दिवशी तपासा.

औषधांसाठी एक कुलूपबंद कपाट, एक यादी, देणाऱ्याची सही. गोळी कुटून अन्नात मिसळण्याआधी विचारा. हळूहळू सुटणारी गोळी कुटली तर दिवसभराचा डोस एकदम अंगात जातो.

आता धार्मिक काळजी. हिलाही शुश्रूषेइतकीच शिस्त लागते. प्रार्थनागृह खोल्यांच्याच मजल्यावर हवं, चाकाची खुर्ची वळेल एवढ्या जागेसह, आणि जवळ स्वच्छतागृह. मिस्साची वेळ सकाळच्या अंघोळी आणि न्याहारीच्या मध्ये घुसवू नका. रिकाम्या पोटी बसवलेले मधुमेही वेदीसमोरच गळून पडतात. मिस्सासाठी न्याहारी अडवायची तर गरजच नाही. ख्रिस्तप्रसादाआधीचा (मिस्सात मिळणाऱ्या पवित्र भाकरीआधीचा) एक तासाचा उपवास वृद्धांना, आजाऱ्यांना आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांनाही लागू नाही. साठीत पाऊल टाकल्यावर ठरलेल्या दिवसांच्या उपवासाचं बंधनही राहत नाही, आणि आजारामुळे रविवारची मिस्सा चुकली तर ते पाप नव्हे. हे वृद्धांना पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. जुन्या शिकवणीत वाढलेली माणसं लपून उपाशी राहतात.

ख्रिस्तप्रसाद देताना वर सांगितलेला गिळण्याचा नियम तसाच लागू. बसवा, तोंड ओलं करा, अगदी बारीक तुकडा द्या, मग थोडं पाणी. ज्याला घट्ट काहीच गिळता येत नाही त्याला केवळ द्राक्षारसाच्या रूपात, थेंबभर, ख्रिस्तप्रसाद देता येतो. धर्मगुरूंना आधी सांगून ठेवा. ख्रिस्तप्रसाद खोल्यांत नेणाऱ्या प्रापंचिक (धर्मगुरू किंवा सिस्टर नसलेल्या) सेवकाला त्या दिवशीची यादी परिचारिकेने द्यावी: कोणाला पूर्ण, कोणाला तुकडा, कोणाला आज फक्त प्रार्थना.

आजाऱ्यांचा तैलाभ्यंग (पवित्र तेल लावून केलेली प्रार्थना) हा शेवटच्या घटकेचा संस्कार ही समजूत अजून घट्ट आहे. १९७२ मध्ये त्याचा विधी सुधारला गेला. आजाराने किंवा वार्धक्याने धोका सुरू झाला की तो देता येतो, प्रकृती आणखी ढासळली किंवा बरं होऊन पुन्हा दुखणं आलं तर परत देता येतो. कपाळाला आणि हातांना तेल लावतात. देऊ शकतात फक्त धर्मगुरू किंवा बिशप. म्हणून उशीर करू नका: माणूस शुद्धीत असताना, स्वतः उत्तरं देत असताना मिळालेला संस्कार आणि श्वास लागल्यावर धावपळीत बोलावलेले फादर यांत फार अंतर आहे. मोठ्या शस्त्रक्रियेआधी, आणि एरवी वर्षातून एक-दोनदा सामूहिक विधीत, ज्यांना गरज आहे त्यांना तो मिळावा. मृत्यू झाल्यावर हा संस्कार देत नाहीत. मृत्यू झाला की नाही याची शंका असेल तर देता येतो. मरणाऱ्याचा खास शेवटचा संस्कार म्हणजे अखेरचा ख्रिस्तप्रसाद, आणि त्या दिवशी सकाळी घेतलेला असला तरी तो पुन्हा देता येतो. पापनिवेदनासाठी (धर्मगुरूंना एकांतात आपली पापं सांगण्यासाठी) दार लागणारी खोली हवी. ऐकू कमी येणाऱ्या माणसाचं पापनिवेदन दहा खाटांच्या दालनात उरकलं जातं, हे कुठल्याही परिस्थितीत चालणार नाही.

स्मृतिभ्रंश झालेल्यांना जपमाळ आणि जुनी गीतं पुष्कळ काळ साथ देतात. नातवाचं नाव न आठवणारी आजी ‘नमो मरिये’ ही प्रार्थना मधून सुरू करून पूर्ण म्हणते, कारण वर्षानुवर्षं पाठ झालेलं नव्या आठवणींच्या मानाने उशिरा पुसतं. मणी मोठे, दोरा मजबूत असू द्या. गट छोटा, वेळ पंधरा-वीस मिनिटं. संध्याकाळी अस्वस्थता वाढण्याच्या सुमारास याचा उपयोग पुष्कळदा औषधाहून बरा होतो. मात्र ध्वनिक्षेपकावरून प्रत्येक खोलीत प्रार्थना ऐकवू नका. इतर धर्माच्या किंवा कोणत्याच धर्माच्या नसलेल्या माणसाला ती बंद करता येत नसेल तर ती सक्तीच झाली. त्यांच्या धर्मातली व्यक्ती त्यांना भेटायला यावी, सण पाळता यावेत, अंत्यविधी त्यांच्या रीतीने व्हावा, हे प्रवेशाच्याच वेळी लिहून ठेवा.

अखेरच्या आजारात काय करायचं नि काय नाही यावर कॅथलिक घरांत दोन टोकांच्या चुका दिसतात. एक: जीव पवित्र, म्हणून मरणासन्न माणसालाही शेवटपर्यंत रुग्णालयांच्या फेऱ्या आणि नळ्या. चर्चची शिकवण तशी नाही. पोप बारावे पायस यांनी १९५७ मध्येच भूलतज्ज्ञांपुढे बोलताना सांगितलं होतं की असाधारण उपायांचं बंधन नाही. १९८० च्या आणि २०२० च्या व्हॅटिकनच्या दस्तऐवजांतही तेच आहे. ज्या उपचाराचं ओझं त्याच्या फायद्याहून मोठं, तो नाकारता येतो. मुद्दाम जीव घेणं मात्र कधीच मान्य नाही. अन्नपाणी, नळीने दिलेलंसुद्धा, साधारण काळजीत मोडतं, जोवर त्याने शरीराचं पोषण होतं; शरीर ते घेईनासं झालं, मरण जवळ आलं, की ते बंधन उरत नाही. दुसरी चूक: मॉर्फिनची भीती. वेदना कमी करण्यासाठी योग्य प्रमाणात दिलेलं औषध, त्यातून हेतू नसताना आयुष्य थोडं कमी झालं तरी, शिकवणीला धरून आहे. डॉक्टर मॉर्फिन सुरू करतील त्याच दिवशी पोट साफ होण्याचं औषधही सुरू करायला सांगा, नाहीतर चार दिवसांनी वेदना पोटातून सुरू होतात. वृद्धाला काय हवं आणि त्याच्या वतीने कोण बोलणार, हे बोलता येतं तेव्हाच विचारून कागदावर घ्या. दर सहा महिन्यांनी पुन्हा विचारा.

मरणाऱ्याला एकटं सोडायचं नाही, ही लिटल सिस्टर्सची जुनी रीत आहे, आणि ती वेळापत्रकात लिहिली नाही तर पाळली जात नाही. पाळ्या दोन-दोन तासांच्या. बसणाऱ्याला काम द्या: दर तासाला ओल्या कापसाने ओठ आणि तोंड ओलं करणं, घरघर वाढली तर कुशीवर कलवणं, हळू आवाजात प्रार्थना किंवा नुसता हात हातात. जबरीने पाणी पाजू नये, हे प्रत्येक पाळीला नव्याने सांगा. कोणीतरी मायेने चमचाभर घालतंच.

माणसांविषयी. पगारी कर्मचाऱ्यांना ‘ही सेवा आहे’ म्हणून कमी पगार देणं हा अन्याय आहे आणि घराला महागही पडतो, कारण शिकवलेली माणसं सोडून जातात. स्वयंसेवकांना वाचून दाखवणं, फिरवणं, पत्रं लिहिणं, कपड्यांची दुरुस्ती द्या. भरवणं शिकवून मगच. औषधं आणि उचलणं कधीच नाही. अंघोळ आणि कपडे बदलताना पडदा. राहणाऱ्याचे पैसे कर्मचाऱ्याच्या हातात नकोत. तक्रार घेणारी व्यक्ती घराच्या व्यवस्थापनाबाहेरची हवी आणि तिचा संपर्क भिंतीवर मोठ्या अक्षरांत. सिस्टरांविरुद्ध तक्रार करायला म्हातारी माणसं घाबरतात, त्यांच्याच छताखाली राहतात म्हणून. नातेवाइकांना ठरावीक तासच भेटू देणाऱ्या घरात नेमकं काय दिसायला नको आहे, असा प्रश्न पडतो. दारं मोकळी ठेवा.

पैशाबाबत चर्चचा कायदा स्पष्ट आहे: ठरावीक कारणासाठी दिलेली देणगी त्याच कारणासाठी वापरावी लागते. इथेच नवी घरं स्वतःला बांधून घेतात. ‘इमारत निधी’ म्हणून पावत्या फाडल्या की तो पैसा पगाराला वळवता येत नाही. इमारत चकचकीत आणि रात्रपाळीला एकच माणूस, असं चित्र तयार होतं. पहिल्या पावती-पुस्तकावरच ‘वृद्धांची काळजी, पगार व औषधांसह’ असं छापा. निदान सहा महिन्यांचे पगार बाजूला पडल्याशिवाय पहिला प्रवेश देऊ नका, आणि वर्षाचा हिशेब रविवारी मिस्सानंतर सूचनाफलकावर लावा, ज्यात पगाराची ओळ सगळ्यांत वर असेल. वस्तूंच्या देणगीसाठी दर महिन्याला नेमकी यादी द्या: अमुक मापाच्या लंगोटांचे इतके डझन, इतक्या सुती चादरी. यादी नसेल तर जुने कोट आणि मुदत संपलेली औषधं येतात, आणि ती टाकायला पुन्हा माणसाचे तास लागतात.